हसू नका गं, फोटो हाय

मी पाचोड सोडलं त्या सकाळी स्टँडवर मला पोचवायला फक्त अब्बा आले होते, पण बघायला बरेच जण जमले होते. हॉटेलासमोरच्या बाकड्यावर बसलेल्यांचे चहाचे कप हातातच राहिले होते. करीममास्तर टेलरची पोरगी एकटी शहराला चालली, लग्न नाही, नातं नाही, आणि म्हणे फोटोच्या दुकानात कामाला. त्यातल्या एकानं अब्बांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, “फोटो काढायला चालली, का काढून घ्यायला?” बाकीचे हसले. अब्बांनी त्याच्याकडं शांतपणे बघितलं. त्याच्या अंगातला सदरा अब्बांनीच शिवलेला होता.

बस आली. अब्बांनी माझी पिशवी वर चढवली, खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “लोगाँ बोलते वो सुन, पर मान नक्को. बोलते वक्त कंधा किधर झुकता, वो देख.” बाप मुलीला निरोप देताना काय काय सांगतो! माझ्या बापानं मला खांदे बघायला सांगितलं. बस आडूलच्या पुढं गेल्यावर मला रडू आलं, आणि शेजारची बाई माझ्याकडं संशयानं बघतेय हे कळल्यावर ते थांबलंही.

त्या उन्हाळ्यात गाव सोडणारी मी एकटी नव्हते. मोसंबीच्या बागा वाळून उभ्या होत्या, लोक खोडं तोडून सरपणाला विकत होते. नवे कपडे शिवायला कोण येणार? तुमच्यातले कितीतरी माझ्या आधी निघून गेले होते, कुणी बजाजनगरला खोली करून, कुणी चिकलठाण्याला कंपनीत. पण पुरुष गेले तर पोटासाठी गेले, आणि मी गेले तर पाणी कुठंतरी मुरत होतं. गावच्या विहिरींत मुरायला थेंब नव्हता, माझ्या जाण्यात मात्र मुरत होतं.

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहितेय, जे तिथंच राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठी. तुम्ही यातल्या सगळ्यावर विश्वास ठेवाल असं मला वाटत नाही. आपल्याकडं ती पद्धतच नाही. माझी अम्मी तर म्हणायची, भरोसा सगळ्यांवर ठेवावा आणि कुलूप दाराला.

अब्बांचं दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची पत्र्याची टपरी, आत एक मशीन आणि मशीनमागं अब्बा. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं माप द्यायला माणसं थांबलेली असायची. मी काज-बटणं करत कोपऱ्यात बसायचे आणि बघायचे. अंगाला टेप लागला की माणूस बदलतो. पोट आत, छाती पुढं, मान ताठ. पाटील असो का पाटलाचा गडी, सगळे हेच करतात. त्या मापानं सदरा शिवला की पुढच्या बाजाराला तोच माणूस भांडायला हजर, मास्तर, कापड चोरलं! म्हणून अब्बा टेप गळ्यातच राहू द्यायचे आणि आधी विचारायचे, “काय पाटील, बोअरला लागलं का पाणी?” झालं. पाटील बोअरवाल्यावर घसरायचे, पोट आपल्या जागेवर यायचं, आणि शिव्या ऐन रंगात आल्या की अब्बांचा टेप कमरेभोवती फिरून पुन्हा गळ्यात आलेला असायचा. पाटलांना पत्ताही नसायचा. फोटो काढायला कुठं शिकलीस असं मला शहरात लोक विचारतात, तेव्हा मी खरं सांगत नाही. टेलरच्या दुकानात म्हटलं तर त्यांना वाटतं पोरगी चेष्टा करतेय.

चिकलठाण्याला माझी खाला राहते, अम्मीची धाकटी बहीण. तिचं घर विमानतळाच्या भिंतीपासून फार लांब नाही, विमान वरून गेलं की मांडणीतली ताटं वाजतात. मी आले तेव्हा घरामागं पडीक रान होतं. बघता बघता तिथं पिलर उभे राहिले, मग गच्च्या, मग गच्च्यांवर काळ्या टाक्या. इकडं गावं पाण्यापायी रिकामी होत होती आणि तिकडं पाण्याची लाईन नसलेल्या बिल्डिंगा भरत होत्या. त्या फ्लॅटांत राहायला येणारे पहिल्याच आठवड्यात टँकरवाल्याचा नंबर विचारत खालाच्या दारात यायचे. मला बरं वाटायचं. दुष्काळ आमच्या मागं मागं शहरात आला होता, फक्त इथं त्याला लिफ्ट होती.

काम मिळालं ते सिडकोतल्या एका फोटो स्टुडिओत. मालक देशपांडेकाका. त्यांचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कोर्टात कारकून होते आणि काका आयुष्यभर लोकांचे पासपोर्ट साईज फोटो काढत आले. चांगला कॅमेरा ते कपाटात ठेवायचे आणि कपाटाची किल्ली जानव्याला. “तुझ्यावर संशय म्हणून नाही हं रेहाना,” असं प्रत्येक वेळी किल्ली काढताना म्हणायचे, म्हणजे संशय होताच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही घरी निघताना माझा डबा उघडून त्यांच्यासमोर धरायचे, बघून घ्या एकदाचं. ते लाजायचे, पण बघायचे.

स्टुडिओत मला एकच गोष्ट सारखी दिसायची. स्टुलावर बसेपर्यंत माणूस माणसासारखा असायचा. “हं, इकडे बघा,” म्हटलं की तो आपला चेहरा आत घ्यायचा, पाटील पोट घ्यायचे तसा, आणि तिथं दुसराच कुणीतरी येऊन बसायचा. त्या दुसऱ्याचा आम्ही फोटो काढायचो, त्याला थोडा गोरा करायचो आणि चार कॉप्या हातावर ठेवायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मी मात्र घरी जाताना विचार करायचे की या शहरातल्या सगळ्या कागदांवर ही भलतीच माणसं चिकटवलेली आहेत, आणि खरी माणसं बाहेर रिक्षा शोधत फिरतायत.

काकांकडं फ्लॅश बिघडलेला एक जुना कॅमेरा होता. तो ते मला सुट्टीच्या दिवशी घेऊन जाऊ द्यायचे. शिकवलं कुणी नाही. चुकत गेले, पुसत गेले, फोनवर व्हिडिओ बघत गेले. त्या व्हिडिओंत सगळे एकच सांगायचे, आधी माणसाशी मैत्री करा, त्याचा विश्वास मिळवा. मला ते कधीच पटलं नाही. पाच मिनिटांच्या ओळखीत जो माझ्यावर विश्वास टाकतो तो एकतर भोळा, नाहीतर मी लबाड.

मी बजाजनगरला जायचे, कारण तिथं आपली माणसं होती. शिफ्ट सुटली की टपऱ्यांवर पाचोड, आडूल, गेवराईकडची बोली ऐकू यायची. कॅमेरा काढला की मात्र सगळे गप्प. “कशाचा फोटो? सर्वे हाय का?” “कुठं जानार ह्यो?” “आधारचं काय लफडं तर नाय ना?” एवढं विचारूनही तयार झाले तर दुसऱ्याच्या मोटरसायकलला टेकून, गॉगल घालून, घरी पाठवायचा फोटो काढून मागायचे. तसे खूप काढले मी. तुमच्या घराघरांत भिंतीला लावलेले असतील. ती मोटरसायकल कुणाची होती हे मी सांगणार नाही.

मग एक दिवस मी अब्बांसारखं केलं. कॅमेरा गळ्यातच ठेवला आणि विचारलं, “दादा, तुमच्या गल्लीत नळ कधी आला होता?” या शहरात हा प्रश्न कुणालाही विचारा. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, ते पण करंगळीएवढं. समोरचा गडी उसळला. आमच्या गल्लीचा वॉल्व अर्धाच उघडतात, पलीकडच्या गल्लीत नगरसेवकाचा साडू राहतो, लाईनमनला तिथून डबा जातो, मी डोळ्यानं बघितलंय! त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली होती, एक भुवई वर, मान त्या पलीकडच्या गल्लीकडं. मी फोटो काढला आणि त्याला कळलंही नाही. घरी येऊन स्क्रीनवर बघितला तर तो माणूस त्यात जसाच्या तसा होता. तेव्हा मला माझी रीत सापडली. माणूस माझ्यावर संशय घेत असतो तोवर तो लपलेला असतो. त्याला संशय घ्यायला दुसरं कुणीतरी मिळालं की तो बाहेर येतो. मैत्रीबित्रीची काही गरज पडत नाही.

असे बरेच चेहरे जमले. एकदा एक सर प्रिंट काढायला स्टुडिओत आले आणि काउंटरवर पडलेले माझे फोटो चाळत बसले. ते दुष्काळावर एक प्रदर्शन भरवत होते. म्हणाले, “तू पाचोडची ना? मग तिथले अस्सल चेहरे आण. बाहेरच्याला ते दिसत नाहीत. तुझ्याकडे आतली नजर आहे.” एवढं गोड बोलणाऱ्याचे खांदे मी आधी बघते. त्यांचे सरळ होते, म्हणजे मनातलंच बोलत होते. फोटो निवडला गेला तर पुढं मोठ्या शहरांत जाईल, नाव होईल, स्वतःचं काम सुरू करता येईल, असंही ते म्हणाले. काका मागून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली काढली आणि चांगला कॅमेरा माझ्या हातात दिला. “सांभाळून ने,” एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी डबा बघितला नाही.

पाचोडला गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवर टँकर यायचा तिथं मी सकाळीच जाऊन उभी राहिले. निळे ड्रम ओळीनं लावलेले, प्रत्येकावर ओळखीचा दगड किंवा फडक्याची गाठ. बायका गप्पा मारत होत्या. त्यांच्यात सुमनकाकू होत्या, आमच्या शेजारच्या. त्यांचं हसणं आमच्या टपरीपर्यंत ऐकू येतं. मी कॅमेरा काढला आणि काकू ओरडल्या, “हसू नका गं, फोटो हाय!”

मला वाटलं माझी गंमत करतायत. कुठली गंमत! एका क्षणात सगळ्या जणी उभ्या राहिल्या. पदर कपाळावर आला, हंडे तिरके झाले, म्हणजे आतला रितेपणा दिसावा, आणि सगळ्यांची नजर लांब कुठंतरी लागली. असा सराव मी शाळेच्या कवायतीतसुद्धा बघितला नव्हता.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?” मी विचारलं.

“शिकवायचं काय त्यात?” काकू तोंड न हलवता म्हणाल्या. “येतो त्यो असंच उभं करतो. मंग आता आमीच उभ्या ऱ्हातो. त्यांचा बी येळ वाचतो.”

त्यांचा मान ठेवून मी तो फोटो काढला. मग कॅमेरा गळ्यात सोडला आणि टँकरची वाट बघत बसले. तो आला, पाईप खाली पडला, ढकलाढकली सुरू झाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काकू, मागच्या खेपेला सगळ्यात जास्त ड्रम कुणाचे भरले हो?” मग काय विचारता! हिनं तिचं नाव घेतलं, तिनं हिच्या सासूचं, एकीनं ड्रायव्हरच्या चहाचा हिशोब काढला, आणि त्या गोंधळात पाईप कुणाच्या तरी हातातून निसटला. पाण्याची अख्खी धार सुमनकाकूंच्या तोंडावर आणि अंगावर. सगळ्या सुन्न. ते पाणी मातीत चाललं होतं. आणि काकू, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या, एका हातानं दुसरीच्या ड्रमचा काठ घट्ट धरून, ओरडल्या, “बघा गं! सगळ्या वस्तीची आंघोळ माझ्या एकटीची झाली!” आणि हसल्या. पुढचा एक दात नाही त्यांना, तो नसलेला दातही दिसेल एवढं हसल्या.

तो फोटो मी काढला. काढताक्षणी मला कळलं की आजवर मी काढलेले सगळे फोटो याच्यापुढं फिके आहेत. त्यात राग होता, चोरी पकडल्याचा आनंद होता, पाणी होतं, दुष्काळ होता, आणि कीव करावी असं त्यात कुणीच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच त्यांना स्क्रीनवर दाखवला. बायकांनी डोकी जवळ आणून बघितलं, खुदखुदल्या, आणि मग एकेक करून ड्रमकडं वळल्या.

दिवेलागणीच्या आधी सुमनकाकू दोघीतिघींना घेऊन अब्बांच्या दुकानात आल्या. साडी बदललेली होती, चेहराही.

“रेहाना, त्यो हसलेला फोटो कुनाला दावू नको.”

“कामून काकू? त्यात तर तुम्ही लई छान दिसताय.”

“छान दिसतेय म्हूनच.”

मग त्यांनी सांगितलं. मागं एका हळदीतल्या नाचाचे फोटो शहरातून आलेल्या कुणीतरी मोबाईलवर टाकले होते. त्यानंतर टँकर वाढवून मागायला बायका गेल्या तर तिथल्या साहेबानं मोबाईल त्यांच्याकडं फिरवला, म्हणाला, “तुमच्याकडं तर मजा चाललीय.” पुढं खेपा कमी झाल्या. त्या फोटोमुळंच झाल्या का, हे कुणालाच ठाऊक नाही. ड्रायव्हर म्हणायचा डिझेल नाही, सरपंच म्हणायचे भरायच्या विहिरीलाच पाणी नाही. पण संशयाला कुठं पुरावा लागतो!

मी वाद घातला. म्हटलं, तुम्ही अशाच रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिलात तर लोक तुम्हाला कधी माणूस म्हणून बघणारच नाहीत. काकू म्हणाल्या, “मानूस म्हून बघायचं त्यांनी इथं येऊन ऱ्हावं चार दिस. तवर आमाला पानी पायजे, बाई.” आणि मग हळूच, माझ्याकडं न बघता, “तू बी आता तिकडचीच. तुला काय कळायचं म्हना.”

ते मला लागलं. मी अब्बांकडं बघितलं. पोटं जागेवर आल्याशिवाय माप न घेणारा हा माणूस, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. अब्बा उशीचा अभ्रा शिवत होते. मशीन थांबवलं, आणि मला काही न विचारता काकूंना म्हणाले, “सुमनबाई, ती नाय दाखवणार. मी जामीन हाय.”

बायका गेल्या आणि मी फुटले. घरात आम्ही जी दखनी बोलतो तिच्यात जेवढं कडू बोलता येतं तेवढं बोलले. “तुमकू गिऱ्हाईक सँभालना है, और क्या!” त्यांच्या टपरीवर त्याच बायकांची पोलकी लटकत होती, माझा संशय काही हवेतला नव्हता.

“हौ, सँभालना है,” अब्बा म्हणाले. “तू तो कल जाएगी. मैं यहीच रहता.”

 मी दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा ते स्टँडवर आले, पिशवी चढवली, आणि या वेळी काहीच सांगितलं नाही.

सरांनी फोटो बघितले ते स्टुडिओच्या काउंटरवर, माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर. रांगेत उभ्या असलेल्या बायकांपाशी ते थांबले. “याला म्हणतात अस्सल,” ते म्हणाले. “बघ, एकीलाही कॅमेऱ्याचं भान नाही.” मला हसू येईना आणि रडूही येईना. “फोटो आहे म्हटलं की त्या अशाच उभ्या राहतात, सर,” मी म्हटलं. त्यांना वाटलं मी त्यांच्याच म्हणण्याला दुजोरा देतेय. “आणखी काही?” त्यांनी विचारलं. पुढचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. ते दाबलं असतं तर माझं नाव झालं असतं, ही माझी खात्री तेव्हाही होती आणि आजही आहे. अब्बांचा मला इतका राग आला होता की दाबावंसं वाटत होतं. मला न विचारता माझ्या नावानं शब्द देणारे तुम्ही कोण? पण मी शब्द मोडला असता तर तोंड दाखवायची पाळी माझ्यावर आली नसती, ती त्यांच्यावर आली असती, रोज, बाजाराच्या रस्त्यावर, मशीनमागं बसून. “एवढेच आहेत,” मी म्हटलं आणि कॅमेरा बंद केला.

प्रदर्शनाला शहरातली बरीच माणसं आली. रांगेतल्या बायकांचा फोटो मोठा करून मधोमध लावला होता. मी एका खांबाशी उभी होते, आणि दारात मला अब्बा दिसले. न कळवता आलेले. डोक्याला टोपी, अंगात ईदचा कुर्ता. शहरात मी इतकी वर्षं राहत होते, खालाकडं किती बोलावलं, दुकान सोडून एकदाही आले नव्हते. दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं, “कुणाकडं?” त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सोडलं त्यानं.

मी पुढं होणार होते, पण पाय थबकले. अब्बा मला शोधत नव्हते. दाराजवळच्या पहिल्या फोटोपासून त्यांनी सुरुवात केली होती आणि एकेक चेहरा बघत ते पुढं सरकत होते. एकही सोडला नाही. पार्टिशनच्या मागं काही लावलंय का तेही वाकून बघितलं. काय शोधतायत हे मला कळलं आणि अंगाचा तिळपापड झाला. माझा बाप माझी झडती घेत होता, भर सभागृहात. मधल्या मोठ्या फोटोपाशी एक बाई डोळे टिपत त्यांना म्हणाल्या, “किती खरे चेहरे आहेत ना?” अब्बा अदबीनं म्हणाले, “व्हय बाई,” आणि पुढच्या फोटोकडं गेले. शेवटचा फोटो बघून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि मग माझ्याकडं बघितलं.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मला गप्प बसवेना.

“तुमकू मेरे पे भरोसा नै था.”

“था,” अब्बा म्हणाले.

“फिर कायकू आए?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. “सुमनबाई पूछेगी तो क्या बोलूँ? भरोसा है बोलके? भरोसा तो उसकू बी है. अब बोलूँगा, मैं अपनी आँख से देख के आया.”

मग मला जरा वेळानं उमगलं. गावात माझ्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती, मी तिकडची झाले होते. त्यांच्या शब्दाला होती, पण तीसुद्धा बघितल्याशिवाय नाही. म्हणून हा माणूस बाजाराचा दिवस सोडून, एवढ्या उन्हात, एसटीनं आला होता, माझ्यासाठी साक्षीदार व्हायला. माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. अर्धा तो अजून आहे. पण त्या दिवशी मी त्यांना रिक्षानं स्टँडवर नेलं आणि वाटेत त्यांचा हात धरला. लहानपणानंतर तो तसा कधी धरला नव्हता.

मध्यवर्ती स्टँडवर पाचोडवरून जाणारी गेवराईकडची गाडी लागायला वेळ होता. अब्बा बाकावर बसले, इकडंतिकडं कुणी बघत नाही याची खात्री केली आणि म्हणाले, “दिखा वो.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या फोटोसाठी ते जामीन राहिले होते तो त्यांनी बघितलाच नव्हता. मी काढून दाखवला. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. “ऐसीच हँसती वो,” म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. गाडीची घोषणा झाली तेव्हा कॅमेरा माझ्या हातात दिला. “अच्छा निकाली. अब बंद कर.”

त्यानंतर बरा पाऊस झाला, मग परत दुष्काळ पडला. गावाकडचा रस्ता रुंद झाला, बाजूचे कडुनिंब गेले. शहराचं नाव बदललं. खाला जुनं म्हणते, बसवर नवं असतं, आणि नळ मात्र दोन्ही नावांना सारखाच येतो. काकांनी स्टुडिओ विकला, मी स्वतःचं काम करते. लोक म्हणतात तुझे फोटो खरे असतात. मी मान हलवते आणि त्यांचे खांदे बघते. खोली भाड्यानं मागायला गेले की घरमालक पूर्ण नाव विचारतो आणि मग त्याला अचानक आठवतं की खोली कालच गेली. इथं माझ्यावर कुणीही संशय घेतं, माझं तोंडही न बघता.

हे लिहायच्या आधी मी सुमनकाकूंना विचारलं. हसल्या. म्हणाल्या, “लिही की. लिहिलेलं कोन वाचतंय? फोटो तेवढा दावू नको.” मी दाखवणार नाही. अब्बांना बाजारात अजून कुणी ना कुणी टोकतं, मास्तर, पोरीनं त्यो फोटो विकला म्हनं? आणि ते मशीन न थांबवता सांगतात, मी जाऊन बघून आलोय. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांनी आपलं घर कुठलं ते आपलं आपण ठरवावं. माझं मला कळलंय. माझा सगळ्यात चांगला फोटो जिथं कुठल्याच भिंतीवर नाही, आणि तो का नाही हे जिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, ते माझं घर.